बायोसला नाव देणारे किल्डॉल

कॉम्प्युटर सुरू होताना बूट लोडरला उठवणाऱ्या प्रोग्रामला आपण अजूनही बायोसच म्हणतो. हे नाव गॅरी किल्डॉल यांनी दिलेलं. जन्म सिएटलचा, १९४२ चा. १९७४ मध्ये त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. मशीनप्रमाणे बदलणारा भाग पुढे वेगळा काढला, तोच बायोस. त्यामुळे बाकीची सिस्टीम वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर जशीच्या तशी चालू लागली. आयबीएम पीसीवर मात्र सीपी/एमच्याच धर्तीवर बेतलेला डॉस ४० डॉलरला, तर किल्डॉल यांची सीपी/एम-८६ २४० डॉलरला! लोकांनी स्वस्त तेच घेतलं. १९९४ मध्ये ते गेले.

संग्रामपूरला घरच्या पीसीवर मी ग्रब बूट लोडर टाकलाय. त्यात विंडोज आणि लिनक्स एकाखाली एक, निवड आपली. अशी बरोबरीची जागा किल्डॉल यांना मिळायला हवी होती, असं मला वाटतं.