इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारा माणूस : जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट

मोबाईलचा ट्रायपॉड घरात असेल तर जरा उलटा करून बघा. कॅमेरा बसवायचा जो छोटा स्क्रू असतो, तो पाव इंचाचा असतो आणि त्याला एका इंचात २० आटे असतात. अख्ख्या जगात तसेच. हा आकडा १८४१ साली मँचेस्टरच्या एका कारखानदाराने बनवलेल्या तक्त्यात आहे. त्याचं नाव जोसेफ व्हिटवर्थ. आपण आज त्याच्याबद्दल बोलणार आहोत, पण नट-बोल्टपेक्षा जास्त त्याच्या रायफलबद्दल. कारण मोजमाप म्हणजे नक्की काय, हे त्या रायफलच्या गोष्टीत जास्त चांगलं कळतं.

जन्म २१ डिसेंबर १८०३, इंग्लंडमधलं स्टॉकपोर्ट. आई लहानपणीच गेली. चौदाव्या वर्षी त्याला मामाच्या सूतगिरणीत कामाला लावलं. मामाचा प्लॅन होता की पोरगा धंदा शिकेल आणि पुढे गिरणी सांभाळेल. पोराचं लक्ष मात्र सुतापेक्षा मशीनमध्ये. काही वर्षांनी तो तिथून निसटला, मँचेस्टरमध्ये साधा मेकॅनिक झाला आणि १८२५ मध्ये लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात लागला. त्या काळातल्या मेकॅनिकसाठी हे म्हणजे थेट टॉपच्या कंपनीत जॉब लागण्यासारखं होतं. पुढे त्याने जोसेफ क्लेमेंटकडेही काम केलं. चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनचे भाग याच क्लेमेंटकडे बनत होते, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरचे पणजोबा.

लंडनमध्ये व्हिटवर्थने जी गोष्ट पक्की केली ती ऐकायला अगदी साधी आहे : सपाट पृष्ठभाग. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये मी तीन आठवडे एक लोखंडी तुकडा कानसने घासला होता. काटकोन्या लावून उजेडाकडे धरला की दर वेळी कुठून ना कुठून फट दिसायचीच. तेव्हा मला पडलेला प्रश्न हाच होता, की ज्या पट्टीने मी सपाटपणा तपासतोय ती सपाट आहे हे कोणी ठरवलं?

याचं उत्तर तीन प्लेट. दोन प्लेट एकमेकींवर रंग लावून घासल्या आणि जिथे रंग लागला तो उंचवटा खरवडून काढला, तर त्या एकमेकींवर तंतोतंत बसतात. पण एक वाटीसारखी खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असली तरीही त्या बसतातच की! तिसरी प्लेट आणली की चोरी पकडली जाते. तिन्ही प्लेट आळीपाळीने एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर तिन्ही सपाटच असायला हव्यात. बाहेरून कोणतीही खरी पट्टी न आणता खरेपणा तयार होतो. १८४० मध्ये ग्लासगोला त्याने यावर निबंध वाचला. मॉडस्लेच्या कारखान्यात अशा सपाट प्लेट आधीपासूनच वापरात होत्या, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या व्हिटवर्थला देणं मला पटत नाही. पण खरवडण्याची ही पद्धत नीट मांडून सगळ्या इंडस्ट्रीच्या गळी उतरवली ती त्यानेच.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि स्वतःचा टूल बनवण्याचा कारखाना काढला. त्या वेळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. व्हिटवर्थने वेगवेगळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले आणि सरासरी काढून १८४१ मध्ये तक्ता मांडला : आट्यांचा कोन ५५ अंश, आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे तेही ठरलेलं. हळूहळू ब्रिटिश कारखान्यांनी तो स्वीकारला.

आता खरी गंमत. १८५१ च्या लंडनच्या ग्रेट एक्झिबिशनमध्ये लोकांनी त्याचं मोजमापाचं मशीन पाहिलं. इंचाचा दहा लाखावा भाग मोजण्याचा त्याचा हिशोब असा : इंचाला २० आट्यांचा एक स्क्रू, त्यावर २०० दात्यांचं चाक, आणि ते फिरवणाऱ्या चाकावर २५० खुणा. २० × २०० × २५० करून बघा, बरोबर दहा लाख येतात. म्हणजे चाक एका खुणेइतकं फिरवलं की मोजणारं टोक इंचाचा दहा लाखावा भाग पुढे सरकतं. आजच्या भाषेत साधारण २५ नॅनोमीटर. प्रोसेसरच्या जाहिरातीत नॅनोमीटर ऐकायची आपल्याला सवय आहे, पण हा माणूस ते लोखंडी चाकांवर करत होता.

आणि ते डोळ्यांनी नाही, स्पर्शाने. तोपर्यंत अचूक लांबी म्हणजे पट्टीवरच्या दोन रेषांमधलं अंतर, सूक्ष्मदर्शकातून बघायचं. व्हिटवर्थ म्हणे की मशीनचे भाग रेषांवर बसत नाहीत, ते एकमेकांना टेकतात, तर टेकण्याचंच माप घ्या. मोजायचा दांडा आणि मशीनचं टोक यांच्यामध्ये तो पोलादाचा एक छोटा सपाट तुकडा ठेवायचा. दाब पुरेसा असेल तर तुकडा अधांतरी अडकून राहतो, एक खूण मागे आलं की खाली पडतो. यार्डभर लांबीच्या दांड्याला नुसतं क्षणभर बोट लावलं तरी उबेने तो वाढलेला या मशीनवर कळायचा. यात जादू काही नाही : तेवढा पोलादी दांडा एक अंश सेल्सिअसने तापला की इंचाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे ४०० पट वाढतो.

अशा माणसाकडे १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकार आलं. एनफिल्ड रायफली पटापट बनवणारी मशीन तयार करून द्या. व्हिटवर्थने बंदुकीच्या नळ्या मोजल्या तर कोणत्याच दोन सारख्या नव्हत्या. तो म्हणाला, रायफल कशी असावी हेच अजून कोणी मोजून ठरवलेलं नाही, तर मशीन कशाचं बनवू? मग सरकारी खर्चाने मँचेस्टरजवळ त्याच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंद गॅलरी उभी राहिली. पहिली वादळात कोसळली, परत बांधली. आत ठराविक अंतरावर पातळ कागदाचे पडदे. गोळी ते भोसकत जायची आणि तिचा संपूर्ण मार्ग भोकांमध्ये लिहून ठेवायची. माझ्या मते लॉग फाइलचं यापेक्षा सुंदर रूप नाही.

त्या रायफली तोंडाकडून भरायच्या. गोळी नळीतून आत ढकलता यावी म्हणून ती नळीपेक्षा बारीक हवी, पण फट राहिली तर दारूचा वायू बाजूने निसटतो आणि गोळी डुगडुगते. सगळा खेळ त्या फटीचा. व्हिटवर्थने नळी आतून षट्कोनी केली आणि गोळीही त्याच मापाची, पिळदार षट्कोनी. नळी एनफिल्डच्या ०.५७७ इंचाऐवजी ०.४५१ इंच, गोळीचं वजन तेवढंच, म्हणजे ती लांब झाली. लांब गोळी हवेत स्थिर राहायला जास्त गिरकी लागते, म्हणून ७८ इंचात एक वळसा होता तो त्याने २० इंचात घेतला.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ इथे युद्धमंत्र्यांसमोर चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट भटकत होत्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. १,४०० यार्डांवर एनफिल्डला लक्ष्यच लागेना.

तारीख परत वाचा. एप्रिल १८५७. नेमक्या याच एनफिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून बराकपूरला मंगल पांडेचं प्रकरण काही दिवसांपूर्वीच झालं होतं आणि मेरठ पेटायला काही आठवडे उरले होते. चरबी कशासाठी होती? कागदात गुंडाळलेली गोळी नळीत सहज उतरावी म्हणून. फटीचाच प्रश्न, त्याचं एक उत्तर मँचेस्टरमध्ये षट्कोन होतं आणि दुसरं आपल्याकडच्या शिपायांच्या तोंडाशी आलं होतं.

इतकं सगळं जिंकूनही व्हिटवर्थची रायफल सैन्याने घेतली नाही. नळी सैन्यासाठी फारच बारीक आहे, असं ठरवलं गेलं. शिवाय ती महाग होती आणि जळक्या दारूची काजळी बसली की भरायला त्रास द्यायची. काजळीचा मुद्दा मला खरा वाटतो, लॅबमध्ये चालणारं सगळंच फील्डवर चालत नाही. पण बारीक नळीचा आक्षेप टिकला नाही : १८७१ मध्ये याच सैन्याने मार्टिनी-हेन्री स्वीकारली, तिची नळी ०.४५ इंच!

२ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या पहिल्या नेमबाजी स्पर्धेचं उद्‌घाटन राणी व्हिक्टोरियाने स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलने केलं. ४०० यार्डांवरून गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. आणि चारच वर्षांत, ९ मे १८६४ ला, अमेरिकन यादवी युद्धात युनियनचा जनरल जॉन सेजविक लांबून आलेल्या गोळीने मेला. ती व्हिटवर्थ रायफलचीच होती असं मानतात. मोजमापाच्या या वेडाचा शेवटी काय उपयोग झाला, हेही माहीत असलेलं बरं.

आज परदेशात जे नेमबाज स्वतः काडतुसं भरतात, ते गोळी काडतुसात किती खोल बसली हे इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय हा गुन्हा आहे, उगाच व्हिडिओ बघून काही करू नका.) ते नुसतं टोकापर्यंतचं माप धरत नाहीत, कारण एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकंही थोडी लहानमोठी असतात. कॅलिपरला एक भोकाची चकती लावून, गोळीच्या बाकाचा जो भाग नळीतल्या खाचांना आधी टेकणार तिथून मोजतात. जिथे टेकतं तिथलं माप. व्हिटवर्थचंच डोकं.

१८६८ मध्ये त्याने तरुण इंजिनिअरांसाठी वर्षाला १०० पौंडांच्या ३० स्कॉलरशिप सुरू केल्या. पुढच्या वर्षी तो सर जोसेफ झाला. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोमध्ये तो वारला, मूल नव्हतं. आपल्या घरातल्या अर्ध्या इंची नळाला अजूनही इंचात १४ आटे असतात आणि त्यांचा कोन ५५ अंशच आहे.