रेव्हरंड टिळक आणि बाप्तिस्म्याचे पाणी

टिळक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम लोकमान्य उभे राहतात. परंतु मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आणखी एक टिळक असतात. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही पक्षिणीची कविता लिहिणारे, फुलामुलांचे कवी, नारायण वामन टिळक. पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावामागे ‘रेव्हरंड’ असे छापलेले असते आणि परीक्षेच्या दृष्टीने ते बिनमहत्त्वाचे असल्याने आपण त्याचा अर्थ विचारत नाही. मीही विचारला नव्हता. कॉमर्सच्या जमाखर्चातून थोडी सवड काढून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली, तेव्हा त्या एका शब्दामागे केवढा संसार मोडला आणि पुन्हा उभा राहिला, हे समजले. त्याबरोबरच एक प्रश्न मनात घर करून बसला. ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी घरदार, आप्तेष्ट, पत्नी, मूल यांचा वियोग पत्करला, त्यानेच पुढे बावीस वर्षांनी बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकाच पंक्तीला का बसवले? तारणासाठी ते पाणी लागते की लागत नाही?

प्रथम या शब्दाविषयी थोडेसे. पाण्यात बुडवून, अथवा मस्तकावर पाणी ओतून किंवा शिंपडून, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने माणसाला ख्रिस्ती मंडळीत घेणे म्हणजे बाप्तिस्मा. मराठीत आपण मूळ ग्रीक शब्दच थोडा वळवून घेतला आहे. कन्नड बायबलात मात्र ‘दीक्षास्नान’ असा नेटका शब्द आहे. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना तो चटकन उमगतो. दीक्षा मनाला मिळते, स्नान देहाला घडते. या दोहोंचा सांधा कोठे आहे आणि एक असून दुसरे नसले तर काय, हाच तर सारा वाद आहे.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई लहानपणीच गेली. मातृसुखाला पारखा झालेला हा मुलगा नाशिकला आला आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. पुढे १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. अकरा-बारा वर्षांची ही मुलगी म्हणजेच लक्ष्मीबाई. टिळकांचा स्वभाव एका जागी टिकणारा नव्हता. आज हे गाव, उद्या ते गाव. आज ही नोकरी, उद्या ती नाही. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे आणि घरात पीठ आहे की नाही याची चिंता पत्नीवर सोडायची. नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालविले. या साऱ्या भटकंतीत एकच विचार त्यांचा पाठलाग करीत होता. या देशाला जातिभेद न मानणारा, माणसाला माणूस म्हणून जवळ करणारा धर्म हवा, आणि तो आपल्याला सापडत नाही!

१८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. काव्यावरून धर्मावर बोलणे गेले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही. पण पुस्तक वाचीन असे वचन त्यांनी दिले होते आणि ते पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांना हलता येईना. शत्रूवर प्रेम करा, दान गुप्तपणे करा, उद्याची चिंता करू नका, ही शिकवण त्यांच्या स्वभावाला जणू मापून शिवलेली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मनाने टिळक ख्रिस्ताचे झाले ते राजनांदगावात; पाणी मस्तकावर पडले ते त्यानंतर. मधला काळ ते टोपणनावाने ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार करीत होते, शंका विचारीत होते. या काळात ते ख्रिस्ती होते की नव्हते? श्रद्धेचा हिशेब पाहिला तर होते. समाजाच्या वहीत मात्र त्यांचे नाव अजून जुन्याच खात्यावर होते.

त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे काय, याची आज आपल्याला नीट कल्पना येणार नाही. घरात बसून कोणी ख्रिस्ताचे पुस्तक वाचले तर लोक कुरकुर करीत. पण एकदा बाप्तिस्मा झाला की तो मनुष्य जिवंतपणीच घराला मेला. सरकारलाही यासाठी कायदे करावे लागले होते. धर्म वा जात सुटली म्हणून वारसाहक्क जाऊ नये, यासाठी १८५० चा कायदा झाला. ख्रिस्ती झालेल्याचा जोडीदार त्या कारणाने नांदायलाच येत नसेल तर विवाह मोडण्याची मुभा १८६६ च्या कायद्याने दिली. पाण्याच्या चार थेंबांनी केवढी उलथापालथ होत असे, हे या दोन कायद्यांवरूनच दिसते. हे सर्व दिसत असूनही १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाच्या हातून घ्यायचा, हा त्यांचा आग्रह होता.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि आप्तांच्या घरी दिवस काढायचे. जवळजवळ पाच वर्षे हा वियोग चालला. टिळकांनी १८६६ च्या कायद्याचा दरवाजा ठोठावला नाही. ते पत्रे आणि कविता पाठवीत राहिले. अखेर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे नगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेल्या, त्या आपले सोवळे-ओवळे घेऊनच. पुढे राहुरीस असताना देवाने माणसे केली, जाती मात्र माणसांनी केल्या, हे त्यांचे त्यांनाच उमगले आणि त्यांनी दुसऱ्या जातीच्या हातचे खाणेपिणे सुरू केले. श्रद्धा त्यामागून हळूहळू आली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी मन धुतले गेले, मग मस्तक भिजले. नवऱ्याच्या धाकाने त्यांनी पाणी घेतले असते तर ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक इतके निर्मळ उतरले नसते, असे मला वाटते.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा विद्यार्थीही नाही. परंतु नव्या करारातील संबंधित जागा मी चाळून पाहिल्या. तेथे दोन्ही बाजूंना आधार आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला पाणी व आत्मा यांपासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही असे सांगतो. पेत्र पहिल्याच मोठ्या प्रवचनात पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा दोन्ही मागतो. उलट, ख्रिस्ताशेजारी क्रूसावर टांगलेल्या गुन्हेगाराला पाण्याचा थेंबही न मिळता स्वर्गाचे वचन मिळते. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरतो आणि बाप्तिस्मा मागून होतो. पौल तर आपल्याला बाप्तिस्मा देण्यासाठी नव्हे, सुवार्ता सांगण्यासाठी पाठविले आहे असे लिहितो.

यामुळे चर्चमध्येही एकमत नाही. कॅथलिक चर्च बाप्तिस्मा तारणाला आवश्यक मानते. पण ज्याला तो घेण्याची मनापासून इच्छा होती आणि घेण्यापूर्वीच मृत्यू आला, किंवा जो श्रद्धेसाठी हुतात्मा झाला, त्याची ती इच्छा अथवा ते रक्तच बाप्तिस्म्याच्या ठिकाणी धरते. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, स्वतःचा दोष नसता ख्रिस्ताची ओळख न झालेल्या पण सरळ मनाने देवाला शोधणाऱ्यांसाठीही तारणाचे दार उघडे असल्याचे मान्य केले. ल्यूथरचे अनुयायी बाप्तिस्म्याला देवाच्या कृपेचे साधन समजतात. कॅल्व्हिनच्या परंपरेत तो कृपेची खूण व मोहोर आहे. तो टाळणे पाप, पण त्यावाचून तारण अशक्य असे नाही. बॅप्टिस्ट लोक केवळ जाणत्या वयाच्या श्रद्धावंताला पाण्यात बुडवतात, आणि तरीही ते पाणी तारते असे म्हणत नाहीत. ती आज्ञापालनाची साक्ष होय. क्वेकर पंथ व सॅल्व्हेशन आर्मी यांच्यात तर पाण्याचा विधीच नाही.

गंमत अशी, की ज्या अमेरिकन मिशनमध्ये टिळक गेले, तेथील परंपराही पाण्याला खूणच समजणारी होती. म्हणजे शास्त्रात खूण आणि समाजात सीमारेषा, अशी बाप्तिस्म्याची दुहेरी स्थिती झाली. आमच्या अभ्यासक्रमातील एक उदाहरण देतो. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. भागीदारी जन्मते ती कराराने, नोंदणीने नव्हे. मात्र नोंदणी नसली की कलम ६९ आड येते आणि करारातील हक्कासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. नाते खरे असते, पण चारचौघांत ते सिद्ध करता येत नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्या श्रद्धावंताची स्थिती काहीशी अशीच असावी.

टिळकांचे पुढचे आयुष्य नगरच्या परिसरात गेले. ते धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांनी रचलेली भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही गातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती आणि म्हणून त्यांचा ख्रिस्त अभंगातून बोलतो. त्यांच्या घराचे दार कोणालाच बंद नव्हते. बालकवी ठोमरे त्या घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे मायेत उणे आले नाही.

या अनुभवातूनच १९१७ चा निर्णय आला असावा. टिळकांनी मिशन सोडले, भगवी वस्त्रे घेतली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ होता. चर्चमधील सर्वांनाच हे रुचण्यासारखे नव्हते. पाणी ऐच्छिक ठरले तर मंडळी राहील कशी, ही शंका खोटी म्हणता येत नाही. पण दरबाराला आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

मग १८९५ चे टिळक खरे की १९१७ चे? माझ्या मते दोन्ही. बाप्तिस्मा अनावश्यक आहे असे त्यांनी कधी स्वतःच्या बाबतीत ठरविले नाही. जे मनात आहे ते जगापुढे कबूल करायचे, त्याची किंमत मोजायची, हा त्यांचा स्वतःपुरता नियम होता. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र ज्या किमतीने आपले घर पाच वर्षे दुभंगले, ती मोजल्याशिवाय देव कोणाला जवळ करणार नाही, असे म्हणायला त्यांचे मन धजले नाही. स्वतःला कठोर आणि इतरांना उदार, असा हा न्याय आहे. याच्या उलट वागणारे आपल्याला रोज भेटतात.

यावर एक आक्षेप मलाही सुचतो. पाण्यावाचून चालते म्हटले की भित्र्याला आडोसा मिळतो. श्रद्धा मनात, आणि बाहेर सारे पूर्ववत! बेळगावकरांनी या ठिकाणी बाबा पदमनजींची आठवण ठेवावी. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे हे गृहस्थ १८३१ मध्ये आपल्याच बेळगावात जन्मले आणि १८५४ मध्ये येथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परक्या शहरात गुपचूप नव्हे, तर जन्मगावी, ओळखीच्या माणसांत. अशा माणसांच्या धैर्याला दरबाराच्या उदारतेने कमीपणा येत नाही. उलट, ज्याने पाणी घेतले आहे त्यालाच न घेतलेल्यासाठी जागा सरकवून देण्याचा अधिकार पोचतो. काठावर उभे राहून पाण्याची थट्टा करणाऱ्याला तो नाही.

तारणाचा अंतिम निवाडा करणे माझ्यासारख्याचे काम नव्हे. परंतु मुंज असो, लिंगदीक्षा असो की बाप्तिस्मा, विधी झाल्यावर माणूस बदलला का, हा प्रश्न आपण प्रत्येकाला विचारू शकतो, आणि प्रथम स्वतःला. टिळकांचे चरित्र या प्रश्नाला उत्तीर्ण होते. यापुढे पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावामागचा तो ‘रेव्हरंड’ दिसला, तर माझ्या मित्रांनी तो घाईने ओलांडून जाऊ नये, एवढीच विनंती.