कष्टाला अक्षरांची जोड देणारे कर्मवीर

सातारा-सांगली परिसरातील वाड्यावस्त्यांवर एकेकाळी मुलाच्या हाती पाटीच्या आधी गुरांचा दोर येत असे. घरचे काम सुटत नाही आणि गावात शाळा नाही, या कोंडीत पिढ्या निरक्षर राहिल्या. ती फोडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. स्वतःचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. मात्र कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा ठसा मनावर कायमचा उमटला. पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्याच्या घरातील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत. स्वयंपाक, धुणी, सफाई, शेती ही कामे मुलेच करीत. रोजचे काम हा शिक्षणातील अडथळा नसून त्याचा आधार आहे, हा विचार तेथे प्रत्यक्षात आला.

या संसाराचा भार पत्नी लक्ष्मीबाईंनी वाहिला. कर्मठ वातावरणात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना आपले मानले. त्यांच्या मुखी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. पण भाऊराव थांबले नाहीत.

खेड्यांसाठी शिक्षक तयार करण्यास १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. १९३८ पासून, जेथे शाळा नव्हती अशा गावांत व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. इमारतीची वाट न पाहता देवळात, चावडीत वर्ग भरले. या शाळांची संख्या ५७८ वर गेली. हजारो मुलांनी पहिले अक्षर तेथे गिरवले. १९४८ मध्ये सरकारी अनुदान बंद झाले, तेव्हाही लोकवर्गणीच्या बळावर संस्था तगली.

१९५९ मध्ये पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. त्यांना मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. वटवृक्ष हे रयतचे बोधचिन्ह. त्या वृक्षाची मुळे मात्र चावडीतल्या त्या पहिल्या पाटीपर्यंत जातात, याचा विसर पडू नये.