पॅप चाचणीचे जनक : डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ

डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ यांचा जन्म १८८३ साली ग्रीसमधील किमी येथे झाला. वैद्यकीची पदवी असूनही १९१३ साली न्यूयॉर्कला आल्यावर त्यांना काही काळ गालिचे विकावे लागले. पत्नी अँड्रोमाकी यांनी गुंड्या शिवल्या. पुढे त्या प्रयोगशाळेत सहकारी झाल्या व वर्षानुवर्षे स्वतःच्या पेशींचे नमुने देत राहिल्या. निरोगी पेशी अशा नित्य पाहिल्यामुळेच काचपट्टीवरील कर्करोगाच्या पेशी ओळखता आल्या. १९२८ साली मांडलेला हा शोध तज्ज्ञांनी मानला नाही. डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४३ साली ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर मान्यता लाभली. गर्भाशयमुखातील ग्रंथिपेशींचा विरळ कर्करोगही या चाचणीत दिसू शकतो, मात्र तो निसटण्याची शक्यता अधिक. १९६२ साली ते निवर्तले. चाचणीला त्यांचे नाव मिळाले. आम्ही अँड्रोमाकींनाही तितकेच कृतज्ञ अभिवादन करतो.