आपल्या ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम

मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे अशी आपली पद्धत आहे. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर भगिनींनी पूर्वी फार छान लिहिले आहे. यंदा मला लिहावयास सांगितले तेव्हा मी कवी पी. सावळाराम यांचे नाव सुचविले. हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, लेकीच्या पाठवणीला आपण ज्यांची गाणी लावतो, ते हे गृहस्थ आपल्याच ठाण्यात राहत होते व या शहराचे नगराध्यक्षही झाले होते. ठाणे-डोंबिवलीकडे नव्याने राहावयास आलेल्या कितीतरी बायकांना हे ठाऊक नसते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कवितेची परीक्षा मला करता यावयाची नाही. गाणी ऐकत संसार करणारी बाई म्हणून जे वाटते ते लिहिते.

सावळाराम यांचे खरे नाव निवृत्तिनाथ रावजी पाटील. त्यांचा जन्म ४ जुलै १९१४ रोजी सांगली जिल्ह्यातील येडेनिपाणी या गावी झाला. वाळवे तालुक्यातले हे गाव. सावळाराम हे पुढे घेतलेले नाव, आणि त्याच्या आधीचा 'पी' हा पाटील आडनावाचा. शिक्षण कोल्हापूरला झाले. पुढे ते ठाण्यास आले आणि ठाण्याचेच झाले.

त्या काळी गाणे घरोघर जाई ते आकाशवाणीवरून आणि ग्रामोफोनच्या तबकडीवरून. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. एवढ्या वेळात ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि मधले वाद्यवादन सारे बसवावे लागे. कवीला लांबण लावायला जागाच नसे. सावळाराम यांना ही थोडक्यातली गोष्ट उत्तम साधली. त्यांना संगीतकार लाभले वसंत प्रभू, आणि गळा लाभला लताबाई मंगेशकरांचा. या तिघांनी मिळून केलेली भावगीते महाराष्ट्राने अक्षरशः डोक्यावर घेतली. पुढे मोठ्या तबकड्या निघाल्या. त्यांवर दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा गाणी मावू लागली आणि सुटी गाणी एकत्र ऐकावयास मिळू लागली. त्यानंतर कॅसेटी आल्या.

आमच्या आईजवळ अशीच एक कॅसेट होती. दुपारची भांडी आवरली, की ती गव्हाचे सूप पुढे घेऊन बसे आणि टेप लावी. मला ती सारी गाणी क्रमाने पाठ झाली होती. पुढे माझा संसार सुरू झाला तेव्हा कळले, की ही गाणी बाईच्या जन्माच्या एकेका पायरीवर उभी आहेत.

पहिली पायरी पाठवणीची. 'गंगा-जमुना' हे गाणे ज्या मराठी बाईने ऐकले नाही ती विरळाच. सासरी निघालेल्या मुलीला निरोप देताना आई काय बोलते, एवढाच त्याचा विषय. रेल्वे स्टेशनावर अशी एक पाठवणी कवीच्या नजरेस पडली आणि त्यातून हे गाणे सुचले, असे सांगतात. ते इतके लोकप्रिय झाले, की लग्नात बँडवाले वधूच्या निरोपाच्या वेळी तेच वाजवू लागले. शब्द न गाताही नुसत्या सुरांवर मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावीत.

दुसरी पायरी संसाराची. 'सप्तपदी' या गाण्यात सावळाराम यांनी मोठी गोड गोष्ट सांगितली आहे. भटजी अग्नीभोवती चालवतात ती सात पावले एका दिवसाची. घरातली बाई ती रोजच चालत असते. सकाळी दूध तापविण्यापासून रात्री दाराला कडी घालीपर्यंत आपण जी पावले टाकतो त्यांना कोणी मान देत नाही. या कवीने तो दिला.

'कल्पवृक्ष' हे गाणे वडिलांच्या आठवणीचे. मास्टर दीनानाथ १९४२ साली वारले तेव्हा लताबाई अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. बापाने झाड लावले, त्याला फळे आली, आणि ती पाहायला बाप राहिला नाही, हे दुःख त्यात आहे. ज्यांचे वडील लवकर गेले अशा आपल्या मंडळातील भगिनी हे गाणे लागले की गप्प होतात, हे मी कितीदा पाहिले आहे.

चित्रपटांसाठीही त्यांनी पुष्कळ लिहिले. १९५९ चा 'शिकलेली बायको', १९६० चा 'कन्यादान' आणि १९६३ चा 'मोलकरीण' यांतील त्यांची गाणी आजही लागतात. 'मोलकरीण'मध्ये आशाबाईंनी म्हटलेल्या त्यांच्या एका गाण्यातली आई देवाकडे स्वतःकरिता काहीच मागत नाही, सारे लेकरासाठी मागते. वसंत प्रभू १९६७ साली ऐन उमेदीत गेले आणि ही जोडी फुटली.

असा हा भावगीतांचा कवी ठाण्याच्या नगराध्यक्षाच्या खुर्चीवर बसला, याचे मला फार नवल वाटते. तेव्हा ठाण्यास नगरपालिका होती. महानगरपालिका १९८२ साली झाली. नगराध्यक्षापुढे कविता घेऊन कोण येणार? लोक येणार ते नळाचे, गटाराचे, रस्त्याचे गाऱ्हाणे घेऊन. मला वाटते, बाईच्या मनातले ओळखणाऱ्या माणसाला हंड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचे म्हणणेही निराळे समजावून सांगावे लागले नसेल. लोकांनी त्यांना जनकवी म्हटले ते उगीच नाही.

आता मनातली एक गोष्ट लिहिते. आमच्या ओळखीच्या एका बाईंना सासरी अतोनात त्रास झाला. दोनदा त्या माहेरच्या दारापर्यंत येऊन माघारी गेल्या. दिलेल्या घरीच सुख मानायचे, असे पाठवणीच्या वेळी वडीलधाऱ्यांनी त्यांच्या मनावर बिंबवले होते. त्यांच्या तोंडून हे ऐकल्यापासून 'गंगा-जमुना' लागले की माझ्या मनात येते, या गाण्याने आपल्याला सोसायलाच तर शिकवले नाही ना?

पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटते, की गाण्यातली आई आशीर्वाद देते आहे, हुकूम करीत नाही. मुलगी सुखी व्हावी हेच तिचे मागणे आहे. जिथे सुख नाही तिथे मुलीने मुकाट्याने दिवस काढावेत, असे त्या आईला कसे रुचेल? आणि याच कवीने 'कन्यादान'मध्ये 'लेक लाडकी' लिहिले. त्यातली मुलगी रडत नाही. हौसेने, मानाने नव्या घरी जावयास निघते. आशीर्वादाचा हुकूम केला तो आपणच, मोठ्या माणसांनी.

धाकट्या भावंडांकडे पाहण्यासाठी माझी शाळा सातवीत सुटली. माझी लेक यंदा बारावीला बसते आहे. उद्या तिची पाठवणी होईल तेव्हा हे गाणे मी जरूर लावीन आणि पोटभर रडेन. पण तिच्या कानात आणखी एक वाक्य सांगेन, की सुख मिळाले नाही तर हे दार तुला उघडे आहे. आपल्या मंडळातील प्रत्येक आईने एवढे वाक्य त्या गाण्याला जोडावे, अशी माझी विनंती आहे.

सावळाराम २१ डिसेंबर १९९७ रोजी गेले. ठाणे महानगरपालिका आणि जनकवी पी. सावळाराम कला समिती यांच्या वतीने त्यांच्या स्मरणार्थ कलावंतांना पुरस्कार दिले जातात. त्यांतील एकाला 'गंगा-जमुना' असेच नाव आहे. हे पाहून बरे वाटते. येत्या हळदीकुंकवाला आपणही त्यांची पाच गाणी म्हणावीत, आणि ती कोणाची ते आपल्या मुलीसुनांना सांगावे. थोरांचे स्मरण म्हणतात ते हेच, असे मला वाटते.