एल्फिन्स्टनचा विद्यार्थी, सिद्धार्थचा संस्थापक

मुंबईच्या फोर्ट भागात, काळा घोडा येथे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाची भव्य दगडी इमारत उभी आहे. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे अशा थोर पुरुषांची परंपरा या संस्थेला लाभलेली होती. १९०८ साली सोळा वर्षांच्या भीमराव रामजी आंबेडकर यांनी या महाविद्यालयात प्रवेश घेतला. राज्यघटनेचे शिल्पकार आणि धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून आपण बाबासाहेबांना नित्य वंदन करतो. परंतु निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत त्यांच्या विद्यार्थिदशेचे स्मरण विशेष उचित ठरते. कारण ज्या सोयींअभावी त्यांना झगडावे लागले, त्याच सोयी पुढील पिढ्यांना मिळाव्यात म्हणून त्यांनी आयुष्यभर कष्ट घेतले.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पिता सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतील शिक्षक होते. मातेचे छत्र बालपणीच हरपले. साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्यतेचे चटके सोसून हे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या कामगारवस्तीत, एका चाळीतील एकाच खोलीत राहू लागले. चूल, भांडीकुंडी, सरपण आणि माणसे या सर्वांना मिळून ती एकच खोली. अभ्यासाला जागा नव्हती, शांतता नव्हती. यावर रामजींनी एक उपाय काढला. मुलाने संध्याकाळीच झोपावे. पित्याने रात्री दोनपर्यंत जागे राहावे, मग मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे व्हावे. मिणमिणत्या दिव्यापुढे भीमराव पहाटेपर्यंत वाचीत बसत. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी आपल्या विवाहित मुलींकडून दागिने मागून आणीत, ते गहाण टाकीत आणि पेन्शन हाती आल्यावर सोडवून परत करीत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा पाया या निवृत्त सुभेदाराच्या जागरणावर रचला गेला आहे, याचे विस्मरण पालकवर्गाने होऊ देऊ नये.

घरी निवांतपणा मिळेना, म्हणून भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांची दृष्टी त्यांच्यावर पडली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही असामान्य घटना होती. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा भरली आणि तीत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. १९५६ च्या अशोक विजयादशमीला नागपूरच्या भूमीवर जे घडले, त्याचे एक बीज या भेटीत होते.

महाविद्यालयाचा खर्च पित्याच्या आवाक्याबाहेर होता. तेव्हाही केळुसकर गुरुजीच पुढे सरसावले. त्यांच्या प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. प्राध्यापक म्युलर पुस्तके देत, अंगावरच्या कपड्यांचीही काळजी घेत. आणि त्याच महाविद्यालयातील उपाहारगृहाचा चालक भीमरावांना चहा अथवा पाणी देत नसे. संस्कृत शिकण्याची वाट शालेय वयातच अडवली गेल्यामुळे त्यांनी फारसी भाषा घेतली होती. पुढे कुटुंबास परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट चाळीत ५० व ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा कोठे अभ्यासासाठी स्वतंत्र खोली लाभली. अशा परिस्थितीत ते पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या यशाचा आनंद फार काळ टिकला नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विद्येमुळे जातीचा डाग पुसला जातो, अशी कोणाची समजूत असेल तर पुढील प्रसंग ध्यानी घ्यावा. १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाल्यावर या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला संपूर्ण शहरात भाड्याने घर मिळाले नाही. पारशी पथिकाश्रमातून त्यांना लाठ्यांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले. एका बागेतील झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि ते मुंबईस परतले.

निवाऱ्याचे मोल ज्याने असे जाणले, त्याने समाजकार्यास आरंभ करताच वसतिगृहाचा विचार करावा, हे स्वाभाविक होते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूर येथे तिचे वसतिगृह सुरू झाले. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांसाठी तेथे सकाळचे वर्ग भरू लागले. कालांतराने हे महाविद्यालय फोर्टमधील बुद्ध भवन व आनंद भवन या इमारतींत स्थिरावले. ज्या एल्फिन्स्टनमध्ये बाबासाहेबांना पाण्याचा पेला नाकारला गेला, तेथून या इमारती पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यानंतर औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतील मुलांना उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली.

या कार्यात आपल्या अंजनगाव सुर्जी तालुक्याचाही वाटा आहे, याचा आपणांस अभिमान असावा. शेंडगावचे सुपुत्र संत गाडगेबाबा यांनी पंढरपूर येथील आपली चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या या लोकसेवकाने विद्यार्थ्याच्या डोक्यावरील छपराचे महत्त्व अचूक ओळखले होते.

परळच्या त्या खोलीतील दिवा, बागेत भेटलेले गुरुजी, २५ रुपयांची शिष्यवृत्ती आणि जागरण करणारा पिता, यांपैकी एक जरी नसते, तरी भीमरावांच्या बुद्धिमत्तेला वाव मिळाला असता काय? आजही शेतमजुराच्या घरी, एकाच खोलीत अभ्यास करणारी मुले-मुली आपल्या अवतीभवती आहेत. दहावीनंतर जागेअभावी, पैशाअभावी त्यांचे शिक्षण थांबते. आपल्या वसतिगृहात राहून, येथील भात-वरण खाऊन, येथील दिव्याखाली वाचून जे आज नोकरीत आणि व्यवसायात स्थिरावले आहेत, त्यांनी प्रत्येकी एका विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी. पालकांनीही मुलगा व मुलगी असा भेद न करता रामजींचे जागरण अंगी बाणवावे. बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार अर्पण करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हे अभिवादन त्यांना शोभणारे आहे.

जय भीम!