विश्लेषण : कर्जापायी तुरुंगात, तिथूनच छपाईचा धंदा… देशातील पहिले वृत्तपत्र काढणारा हिकी कोण होता?

महाराष्ट्रात पत्रकार दिन ६ जानेवारीला असतो, कारण १८३२ मध्ये याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. त्याच्या ५२ वर्षे आधी, २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात भारतातील पहिले छापील वृत्तपत्र निघाले होते. ते काढणारा जेम्स ऑगस्टस हिकी ना लेखक होता, ना समाजसुधारक. तो कर्जबाजारी व्यापारी होता. तरीही दोन वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नर जनरलला त्याचे वृत्तपत्र बंद पाडावेसे वाटले.

छपाईकडे कसा वळला?

मूळचा आयरिश असलेला हिकी तरुणपणी लंडनमध्ये छपाई शिकला होता. पुढे त्याने वकिलाकडे कारकुनी केली आणि १७७२ मध्ये जहाजावरील शल्यवैद्याचा सहायक म्हणून तो भारताकडे निघाला. कलकत्त्यात त्याने वैद्यकीसोबत किनारपट्टीवर मालवाहतुकीचा व्यापार सुरू केला. माल खराब झाला, सावकार दारात आले आणि १७७६ मध्ये तो तुरुंगात गेला. तिथे असतानाच छपाईचे यंत्र मिळवून त्याने जुने कसब पुन्हा कामाला लावले. सुटल्यावर कंपनीच्या लष्कराचे नियम छापण्याचे काम मिळाले, पण त्याचा मोबदला वर्षानुवर्षे रखडला.

'बंगाल गॅझेट'मध्ये काय असायचे?

दर शनिवारी निघणाऱ्या या अंकाची किंमत एक रुपया होती. त्यात जाहिराती, वाचकांची पत्रे, कविता, युद्धाच्या बातम्या, शहरातील घाणीच्या तक्रारी असे सगळे असे. गोऱ्या साहेबांच्या भानगडी तर हमखास. बड्या लोकांना टोपणनावे ठेवण्याची हिकीला भारी हौस. सरन्यायाधीश एलिजा इम्पीच्या नातलगाला बांध-बंधाऱ्यांच्या देखभालीचे कंत्राट मिळाले, तेव्हा हिकीने इम्पीचे नावच 'पूलबंदी' ठेवले. हसता हसता वाचकाला कंत्राट कोणाच्या घरात गेले, तेही कळत असे.

कंपनीशी वाजले कशावरून?

नोव्हेंबर १७८० मध्ये कलकत्त्यात 'इंडिया गॅझेट' हे दुसरे वृत्तपत्र आले आणि त्याला टपालात सवलत मिळाली. सिमियन ड्रोझ या कंपनीच्या अधिकाऱ्याने आपल्याकडे लाच मागितल्याचे हिकीने जाहीर केले. त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या पत्नीचेही नाव गोवले. त्याच महिन्यात 'बंगाल गॅझेट' टपालाने पाठवण्यावर बंदी आली. हिकीने हरकारे नेमून अंक घरोघर पोहोचवले आणि हेस्टिंग्जवरील टीकेची धार वाढवली. हेस्टिंग्जची युद्धे, इम्पीशी असलेली जवळीक, भ्रष्टाचार हे विषय अंकात वारंवार येऊ लागले.

हिकीचे सगळेच बरोबर होते का?

नाही. तो लोकांच्या खासगी आयुष्यावरही घसरत असे आणि वैयक्तिक राग छापून काढत असे. पण त्याचे सगळे आरोप हवेतले होते, असेही म्हणता येत नाही. पूलबंदीचे कंत्राट खरेच दिले गेले होते.

वृत्तपत्र बंद कसे पडले?

वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा त्या वेळी नव्हता. तो लॉर्ड वेलस्लीने १७९९ मध्ये आणला. म्हणून टपालबंदीनंतर कोर्टाचा मार्ग निवडला गेला. हेस्टिंग्जने अब्रुनुकसानीचे खटले भरले. अनाथांच्या निधीचा गैरवापर केल्याचा आरोप झालेला मिशनरी कीरनँडर यानेही दावा केला. जून १७८१ मध्ये चार खटले चालले. न्यायासनावर इम्पी होता, ज्याची हिकीने जाहीर टिंगल केली होती. जामिनाची रक्कम हिकीच्या आवाक्याबाहेरची होती. शिक्षा झाल्यावरही तो तुरुंगातून अंक काढतच राहिला. मग नवे दावे झाले आणि मार्च १७८२ मध्ये त्याचे छपाईचे खिळे जप्त झाले. खिळ्यांशिवाय अंक निघणे शक्यच नव्हते. पुढे यंत्राचा लिलाव झाला आणि हे सामान प्रतिस्पर्धी 'इंडिया गॅझेट'कडे गेले.

पुढे काय झाले?

हेस्टिंग्ज इंग्लंडला परतण्याच्या सुमारास, १७८४ च्या अखेरीस हिकी सुटला. तोवर त्याचा धंदा बुडाला होता. १८०२ मध्ये चीनकडे जाणाऱ्या जहाजावर त्याचा मृत्यू झाला. हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत महाभियोग चालला, १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला.

नंतरच्या राज्यकर्त्यांनी संपादकालाच देशाबाहेर घालवण्याचा मार्ग वापरला. कलकत्त्याचा जेम्स सिल्क बकिंगहॅम १८२३ मध्ये, तर मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे बी. जी. हॉर्निमन १९१९ मध्ये हद्दपार झाले. हॉर्निमन यांचे नाव आज फोर्टमधील चौकाला आहे. हिकीच्या वाट्याला अशी ओळख फारशी आली नाही. त्याच्या अंकांच्या मोजक्या प्रती मात्र ग्रंथालयांत जपलेल्या आहेत.